कुंपणाआड गेलेलं विणकामाचं मशीन

गोदामातले लोक त्याला काळजीवाहू म्हणत. सरकार पडलं की नवं येईपर्यंत जे असतं त्याला काळजीवाहू सरकार म्हणतात, पण ते चार दिवसांचं. हा कायमचा होता. संध्याकाळी गोदामाला कुलूप लावून तो बसथांब्यापर्यंत जाई, तिथून परत येऊन कुलूप ओढून बघी. त्यात बस चुकली की घरी बायको काळजी करत असेल अशी आणखी एक काळजी डोक्यावर घेऊन पुढच्या बसची वाट बघत उभा राही. बायको काही काळजी करत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने ते सगळं खातं नवऱ्याच्या नावावर करून टाकलं होतं.

तरुणपणी तो या गोदामात पेट्या उचलायला लागला. बाकीचे पेट्या उचलायचे, हा उचलता उचलता मोजायचा. आत्ताच्या मालकाच्या वडिलांच्या ते नजरेत आलं आणि त्यांनी एक दिवस किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. त्या रात्री त्याला म्हणे झोप लागली नाही, आणि मग पुढे लागली तीही बेताचीच. पण गोदाम मात्र आरशासारखं ठेवलं. नळ, पंप, कापडाचे गठ्ठे, यंत्रांचे सुटे भाग, जे येईल त्याला आल्या आल्या पिवळं लेबल. लेबल पेटीच्या उजव्या कोपऱ्यात वर, त्यावर गोल अक्षरात नंबर आणि आत काय आहे ते. मग तोच नंबर रजिस्टरात. बिनलेबलाची पेटी त्याला बघवत नसे. भिंतीवरचा वाकडा फोटो काही लोकांना सरळ केल्याशिवाय राहवत नाही, तसलं ते दुखणं होतं.

गोदाम शहराच्या टोकाला, झोनच्या कुंपणाला लागून होतं. झोन म्हणजे परदेशी व्यापाराचं क्षेत्र. परदेशातून आलेला माल तिथे कर न भरता ठेवता येतो, उघडता येतो, जोडून पुन्हा परदेशी धाडता येतो. तो फाटकातून बाहेर, देशात यायला निघाला की मग कर. म्हणजे माती आपली, ऊन आपलं, पण कायद्याने बघायचं तर तारेपलीकडे परदेश. काळजीवाहूच्या खिडकीतून हा परदेश हाकेच्या अंतरावर दिसायचा. एक तपकिरी कुत्रं रोज दुपारी तारेखालून घुसून पलीकडच्या सावलीत झोपायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याला कोणी कर मागितल्याचं ऐकिवात नव्हतं.

हा झोन वाढवायचा, बाजूचं मोकळं मैदान, बंद पडलेला बर्फाचा कारखाना आणि हे गोदाम त्यात घ्यायचं, असा प्रस्ताव कधीपासून सरकारदरबारी पडून होता. मालक त्या मंजुरीकडे डोळे लावून बसला होता. परदेशी माल आला की भाडं चांगलं, गिऱ्हाईक चांगलं. दरवर्षी कोणीतरी येऊन सांगे, मंजुरी आली. मालक खूश होई, बाकीचे हसण्यावारी नेत. काळजीवाहू तेवढा खरं मानायचा. दोन-दोन दिवस खपून गोदामाचा कानाकोपरा तपासायचा, रजिस्टर पुन्हा उतरवून काढायचा. मग ती बातमी खोटी निघायची आणि फोर्कलिफ्टवाला महिनाभर विचारत राहायचा, “काय साहेब, परदेशी कधी निघताय?”

यंदाही तीच आवई उठली. या खेपेला मात्र काळजीवाहूला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं आपण एकटेच घाम गाळतो आणि लोक मजा बघतात. त्याने बायकोला जाहीर करून टाकलं, “या वेळी मी काहीही करणार नाही. येऊ दे नाहीतर राहू दे.”

बायको म्हणाली, “बरं वाटत नाहीये का?”

त्याच आठवड्यात धाकटी बहीण आली. ही त्याची एकुलती एक बहीण. नवरा वारल्यापासून एकटी राहायची आणि विणकामाच्या मशीनवर शाळांचे स्वेटर विणायची. मशीन परदेशी बनावटीचं, लांबलचक, सुयांची रांगच्या रांग असलेलं. एक कारखाना बंद झाला तेव्हा तिने ते कोणाच्या तरी हातून घेतलं होतं. बिल वगैरे काही नव्हतं. त्या मशीनवरचा गाडा ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ढकलायची आणि त्यावर तिचं घर चालायचं. तिच्या वरच्या मजल्यावर नळाचं काम निघालं होतं, छतातून पाणी गळत होतं, आणि नेमकं मशीनवर.

“दादा, दोन आठवडे तुझ्या गोदामात ठेवते. पाणी बंद झालं की नेते.”

“छे छे. तिथे खाजगी काही ठेवायचं नसतं.”

“मग राहिलं. प्लॅस्टिक टाकते वरून.” असं म्हणून ती उठलीसुद्धा. ती कधीही दुसऱ्यांदा मागायची नाही. लहानपणापासून तसंच. त्यामुळे तिला नाही म्हणणं सोपं असायचं आणि पचवणं फार अवघड.

संध्याकाळी काळजीवाहू बसथांब्यावर उभा होता. सुयांना गंज चढला तर काय होईल याचा विचार करता करता त्याने आपल्या बसऐवजी बहिणीच्या घराकडची बस पकडली. दारातूनच म्हणाला, “उद्या सकाळी टेम्पो आण.” मंजुरीची आवई त्याच्या डोक्यात होती, नव्हती असं नाही. पण या वर्षी काळजी करायची नाही असं त्याने ठरवलं होतं ना. आयुष्यात एकदाच या माणसाने काळजी केली नाही, आणि त्यासाठी हाच आठवडा निवडला.

मशीन आलं. धक्का लागू नये म्हणून त्याने त्यासाठी फळ्यांची पेटी ठोकली, आत गोणपाट कोंबलं आणि पेटी मागच्या रांगेत, भिंतीशी ठेवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दोन दिवस ती पेटी त्याच्या डोळ्यांत सलत राहिली. सगळ्या रांगेला पिवळी लेबलं आणि हिचाच उजवा कोपरा कोरा. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्याने पुढचा नंबर घातला, खाली “यंत्र, एक” असं गोल अक्षरात लिहिलं, आणि कोणी हात धरून नेल्यासारखा रजिस्टराकडे जाऊन तिथेही तेच लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी मंजुरी आली. या वेळी खरोखरची. मालक सकाळीच कागद नाचवत आला आणि त्याच्या मागोमाग कस्टमच्या बाई, दोन कारकून आणि सील ठोकायचं लाखेचं सामान. हुकूम त्याच घटकेपासून लागू. मोजणी होईपर्यंत गोदामातून काडी बाहेर जाणार नाही. मोजणी झाली की जे आत ते झोनचं, आणि ते बाहेर काढायचं तर कुठून आणलं, कोणाचं, कर भरला का, हे सगळं दाखवायचं.  खिडकीतून दिसणारा परदेश एका कागदाने त्याच्या टेबलापर्यंत येऊन पोचला होता, आणि त्या परदेशात त्याच्या बहिणीचं मशीन होतं, बिल नसलेलं, परदेशी बनावटीचं.

कस्टमच्या बाई मध्यम वयाच्या, चष्मा लावलेल्या, कामाला वाघीण. आवाज मात्र कधी चढवत नसत. मोजणीत सुरुवातीलाच एका कोपऱ्यात जुना टेबलफॅन निघाला.

“हा कोणाचा?”

“कोणातरी टेम्पोवाल्याने टाकला असेल मॅडम. मला न विचारता.”

“जप्त,” त्या कारकुनाला म्हणाल्या. मग काळजीवाहूकडे वळून त्यांनी समजावून सांगितलं, “बाहेरच्याने गुपचूप काही ठेवलं तर ते जप्त होतं, तुमच्यावर ठपका येत नाही. पण तुमच्या मोजणीत तुम्ही खोटं लिहिलंत तर झोनमधल्या किल्ल्या तुमच्याकडे राहणार नाहीत. कळलं ना?”

कळलं. चांगलंच कळलं. मागच्या रांगेशी येईपर्यंत त्याने मनाशी वाक्य जुळवलं होतं. मॅडम, ही एक पेटी चुकून. मॅडम, ही माझ्या बहिणीची. तेवढ्यात कारकुनाने लेबल वाचलं, “यंत्र, एक,” दुसऱ्याने रजिस्टरात बोट ठेवून “बरोबर” म्हटलं, आणि सगळे पुढच्या पेटीपाशी गेले. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. ते त्याने मिटलं.

शेवटी बाईंनी मोजणीवर त्याची सही घेतली. “एकही चूक नाही. असं गोदाम मी बघितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. मालकाने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. काळजीवाहूने खिशातल्या किल्ल्या घट्ट धरल्या.

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच तिचाही चेहरा उतरला. किल्ल्या गेल्या तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. “मॅडमना सांगून टाका,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “की नको?”  पुढले दोन दिवस तो मागच्या रांगेकडे जायचं टाळत होता. फोन वाजला की दचके. फोर्कलिफ्टवाल्याने थट्टेत विचारलं, “परदेशात करमतंय ना साहेब?” तर हा त्याच्यावर असा खेकसला की तो बिचारा दिवसभर फिरकला नाही.

तिकडे बहिणीच्या घरचं छत कोरडं झालं. एका शाळेचे स्वेटर थंडीच्या आत द्यायचे होते, लोकर येऊन पडली होती. तिचा निरोप आला, टेम्पो कधी आणू? मग मात्र तो गेला आणि तिच्यासमोर बसून सगळं ओकून टाकलं. लेबलाचंही सांगितलं.

“तू लेबल लावलंस?” ती म्हणाली. “माझ्या मशीनला?”

“राहवलं नाही गं.”

तिला हसू येतंय की रडू, तिलाच कळेना. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. तू सांगितलंस तर काय होईल? मशीन घरचं म्हणून कदाचित मिळेल, किल्ल्या जातील. नाही सांगितलंस तर? मशीन तिथेच राहील आणि कधीतरी कोणी विचारील, हे कोणाचं. आणि तो फॅन निघाला त्याचं काय झालं म्हणालास? त्याने तेही सांगितलं. ती लोकरीचे गुंडे रचत बसली. तो निघाला तेव्हा म्हणाला, “उद्या सकाळी जाऊन सांगतो.” ती म्हणाली, “बघू.” या “बघू”चा अर्थ त्याने लावायला हवा होता. जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्याच्या लक्षात नेमकं तेच आलं नाही.

सकाळी तो झोनच्या फाटकावर पोचला. आता स्वतःच्या कामावर जायलाही पास दाखवावा लागत होता. कस्टमच्या बाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर झोनचा नवा नकाशा, त्यावर त्याचं गोदाम नुकतंच हिरव्या रंगाने भरलेलं. पेटी बहिणीची, मीच ठेवून घेतली, असं तो उभ्याउभ्याच बोलायला लागला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

“तुमची बहीण आत्ताच येऊन गेली. बाहेर फाटकाशी बसवलंय तिला. ती म्हणते, तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा तिने तुमच्या माणसांना थाप मारून ती पेटी आत ठेवली. तुम्हाला पत्ता नव्हता. मशीन जप्त करा, माझ्या भावाचा दोष नाही.”

 काळजीवाहू म्हणाला, “मॅडम, मी इतक्या वर्षांत सुट्टीच घेतलेली नाही.”

“ते मालकांना विचारता येईल,” बाई म्हणाल्या. “पण आधी तुम्ही दोघं बाहेर उभे राहा आणि काय ते एक ठरवा. माझ्याकडे दोन जबान्या आहेत आणि कागद एकच आहे.”

फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. पहारेकऱ्याच्या टपरीमागे बाकावर बहीण बसली होती, चांगली साडी नेसून, खोटं बोलायला जाताना माणूस नेसतं तशी. भावाला बघून ती उठली.

“काय बडबडून आलास आत?”

“खरं ते. तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?”

“तूच सांगितलास काल. बाहेरच्याचं जप्त होतं, तुझ्यावर ठपका येत नाही. जाऊ दे मशीन. जुनं लोखंड आहे ते. मी शिवणकाम करीन, कोणाच्या दुकानात बसेन.”

“तुझे डोळे शिवणकामाचे राहिलेत का? सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारतेस.”

“आणि तू? किल्ल्या गेल्या तर तू काय करणार आहेस? तुला दुसरं काही येतं का रे दादा? घरी बसून वहिनीचे डबे मोजशील.”

हे त्याला झोंबलं, कारण रात्रभर त्यालाही डोळ्यांपुढे तेच दिसत होतं. एक ट्रक हॉर्न वाजवत त्यांच्या अगदी जवळून गेला. दोघं एकमेकांवर ओरडत होती आणि पहारेकरी मान दुसरीकडे वळवून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, “काल रात्रीपासून मी स्वतःला समजावतेय की गेलं माझं मशीन. इतकं समजावून झालं. आता तू मध्ये येऊ नकोस.”

“मी मध्येच आहे,” तो म्हणाला. “ते मी ठेवून घेतलं. मी मोजलं. सही माझी आहे.” आणि ती काही बोलायच्या आत तो वळून आत गेला. फाटकातून ती ओरडली, “खोटं बोलतोय तो, ऐकू नका त्याचं.” ट्रकवाले बघायला लागले.

बाईंनी गोदामात येऊन पेटी उघडायला लावली. फळी निघाली, गोणपाट बाजूला झालं. मशीनवर अर्धवट विणलेली एक लहान बाही तशीच सुयांना लटकून होती, निळी, पहिलीतल्या पोराच्या मापाची. बाईंनी ती दोन बोटांनी उचलून बघितली आणि सोडून दिली.

“एक सांगा,” त्या म्हणाल्या. “लपवायचं होतं तर लपवायचं. लेबल कशाला लावलंत?”

त्याने लेबलाची सुटलेली कड बोटाने दाबून बसवली. “बिनलेबलाची पेटी बघवत नाही मला.”

कारकून हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लेबलाकडे बघितलं, मग त्याच्या रांगेतल्या बाकीच्या लेबलांकडे, आणि पेनाचं टोपण काढलं. “असलं कारण कोणी बनवून सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचंच खरं धरते. मशीन माल नव्हतंच, मोजणीत चुकून आलं असं लिहिते. ते घेऊन जा.” मग आवाज तसाच ठेवून त्यांनी पुढचं सांगितलं. “चुकीच्या मोजणीवर सही तुमची आहे. किल्ल्या मला काढून घ्याव्या लागतील. मला वाईट वाटतंय, पण घ्याव्या लागतील.”

त्याने जुडगा टेबलावर ठेवला. इतका जड होता तो, हे त्याला कधी जाणवलं नव्हतं. मालकाला बोलावणं गेलं. मालक आला, कागद वाचला, एकदा म्हणाला, “अरे, मला तरी सांगायचंस.” मग खिडकीबाहेर बघत पुटपुटला, की आता परवाना नवा आहे, याला ठेवलं तर झोनवाले आपल्यालाच बाहेर काढतील. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने टेम्पो मात्र स्वतःहून मागवून दिला.

दुपारी मशीन फाटकातून बाहेर आलं. पहारेकऱ्याने काळजीवाहूचा पास मागून घेतला. टेम्पोत मागे मशीन आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने दोघं बसली. बहिणीने बसल्या बसल्या सुरुवात केली. गाढव आहेस. म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीस. वहिनीला कुठल्या तोंडाने सांगणार आहेस? मी काय तुला सांगितलं होतं? कधी तरी ऐकतोस का कोणाचं? ड्रायव्हर समोर रस्त्याकडे बघत बसला होता आणि अधूनमधून आरशात डोकावत होता.

 काळजीवाहूचा हात पुन्हा पुन्हा रिकाम्या खिशात किल्ल्या चाचपायला जात होता. बायकोला काय सांगायचं, उद्या सकाळी उठून कुठे जायचं, घरभाडं, म्हातारपण, सगळं एकदम डोक्यात आलं होतं आणि त्यातलं एकही पुढे सरकत नव्हतं. हात मागे घेतला तरी तो पुन्हा खिशाकडेच गेला.

बोलता बोलता बहिणीने त्याचा तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. घर येईपर्यंत तिने तो सोडला नाही. त्याला बोल लावणं मात्र तिने घर येईपर्यंत थांबवलं नाही.